‘को-ऑप : आहे’ एवढ्याने काय कळते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत गेमच्या परीक्षणाखाली माहितीची जी चौकट छापली जाते, तिच्या शेवटच्या ओळीबद्दल हे पत्र आहे. तिथे ‘को-ऑप : आहे’ किंवा ‘को-ऑप : नाही’ एवढेच असते, फार तर पुढे ‘४ खेळाडू’. को-ऑप म्हणजे मित्रांनी एका बाजूने, मिळून खेळण्याची सोय. गाड्यांच्या शर्यतीचा किंवा फुटबॉलचा गेम असेल तर एवढे पुरते. सामना सुरू होतो, संपतो, विषय मिटतो. ओपन वर्ल्ड रोल-प्लेइंग गेम, म्हणजे मोकळ्या जगात हवे तिथे भटकत एका पात्राची भूमिका जगायचा गेम, मात्र साठ-सत्तर तास चालतो. त्यात पात्र वाढते, जग बदलते, एकदा मेलेला माणूस मेलेलाच राहतो. अशा गेमच्या बाबतीत ‘आहे’ या एका शब्दाचे निदान पाच-सहा अर्थ निघतात आणि चौघांनी चार प्रती विकत घेतल्यावर ते एकेक करून उलगडू लागतात.

पहिला आणि सर्वांत मोठा प्रश्न असा की जग कोणाचे? म्हणजे खेळाची प्रगती साठवणारी सेव्ह फाइल कोणाच्या यंत्रावर लिहिली जाते, आणि यजमानाच्या जगात खेळायला आलेला पाहुणा आपल्या घरी परतताना बरोबर काय नेतो? २०१८चा ‘फार क्राय ५’ घ्या. अस्सल रोल-प्लेइंग म्हणता येणार नाही, पण मुद्दा त्यात स्वच्छ दिसतो. दोघे मिळून मोहीम फत्ते करतात, पण ती फत्ते होते फक्त यजमानाच्या जगात. पाहुण्याच्या पात्राची कमाई त्याच्याजवळ राहते, कथा मात्र होती तिथेच. तो आपला गेम उघडतो तेव्हा तीच मोहीम पुन्हा समोर उभी, ये रे माझ्या मागल्या! ‘आउटवर्ड’मध्येही (२०१९) पाहुणा वस्तू आणि कौशल्ये घरी नेतो, कथा यजमानाची. २००८च्या ‘फेबल २’मध्ये पाहुण्याला स्वतःचे रूपही मिळत नसे. तयार साच्यातला एक हरकाम्या निवडायचा आणि दोघांनी एकाच कॅमेऱ्याच्या चौकटीत वावरायचे. एकाने डावीकडे जायचे म्हटले आणि दुसऱ्याने उजवीकडे, की दोघेही अडकले. दोन वर्षांनी आलेल्या ‘फेबल ३’ने प्रत्येकाला आपले पात्र आणायची मुभा दिली. या सर्व गेमच्या चौकटीत आपण ‘को-ऑप : आहे’ असेच छापाल.

‘गेन्शिन इम्पॅक्ट’चे (२०२०) नियम तर पाठ करूनच बसावे लागतात. अ‍ॅडव्हेंचर रँक (खेळाडूची पातळी) १६ झाल्याशिवाय को-ऑप उघडतच नाही, तोवरचे सगळे तास एकट्याचे. जगात जास्तीत जास्त चौघे. पात्रांची वाटणी ठरलेली असते: दोघे असाल तर प्रत्येकाला दोन, तिघे असाल तर यजमानाला दोन आणि पाहुण्यांना एकेक, चौघे असाल तर सर्वांना एकेक. स्वतःच्या वर्ल्ड लेव्हलइतक्या (जगातल्या शत्रूंच्या पातळीइतक्या) किंवा त्याहून खालच्या जगातच पाहुणा म्हणून जाता येते. म्हणून मागे पडलेल्याने पुढे गेलेल्याला आपल्याकडे बोलवायचे असते, उलटे चालत नाही. आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती मुख्य कथा एकत्र खेळताच येत नाही. पाहुण्याला खजिन्याच्या पेट्याही उघडता येत नाहीत. मिळून मारामारी करायला आणि साहित्य गोळा करायला ही सोय उत्तम आहे. ‘आपण दोघे ही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत एकत्र खेळू’ असे ठरवून बसणाऱ्यांच्या मात्र ती काहीच कामाची नाही. दोन्ही गोष्टी परीक्षणात एका वाक्यात सांगता आल्या असत्या.

‘एल्डन रिंग’ (२०२२) जरा जवळून पाहू, कारण याच गेमबाबत सर्वाधिक गैरसमज आहेत. मूळ गेममध्ये सोबती बोलावण्याची रीत अशी: यजमानाने आधी ‘फर्लकॉलिंग फिंगर रेमेडी’ वापरायची, त्याशिवाय त्याला जमिनीवरच्या खुणा दिसत नाहीत. पाहुण्याने ‘टार्निश्ड्स फर्ल्ड फिंगर’ने आपली सोनेरी खूण टाकायची. मल्टिप्लेअरच्या मेनूत दोघांनी एकच पासवर्ड घालायचा. पासवर्डमुळे लेव्हलचे बंधन सुटते, पण पुढे गेलेल्या पाहुण्याची ताकद यजमानाच्या मानाने कापली जाते. खूण दिसत नसेल तर चूक बहुधा दोनपैकी एक असते. एक तर यजमानाने रेमेडी वापरलेली नसते, किंवा दोघे नकाशावर वेगळ्या ठिकाणी उभे असतात.

पाहुणा आला, की पुढचे नियम लागू होतात. यजमान धरून तिघेच. ‘टोरेंट’ हा घोडा कोणालाच बोलावता येत नाही, यजमानालासुद्धा नाही. मैलोन्‌मैल पसरलेले ते जग घोड्यासाठीच आखलेले आहे, ते पायी तुडवावे लागते. राखेतले आत्मे मदतीला बोलावता येत नाहीत. पाहुण्याच्या औषधाच्या कुप्या निम्म्या होतात. सोबती आला की परक्या खेळाडूच्या हल्ल्यालाही दार उघडे होते. यजमान मेला की खेळ मोडला. आणि बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा बडा शत्रू, मेला तरीही मोडला! बक्षीस देऊन पाहुण्याला त्याच्या जगात परत धाडले जाते आणि तिथे तोच बॉस ठणठणीत जिवंत असतो. म्हणजे तिघांना तो बॉस आपापल्या जगात मारायचा असेल तर तो तीनदा मारायचा, प्रत्येक वेळी खूण टाकणे आणि बोलावणे पहिल्यापासून. हा को-ऑपचा दोष नव्हे, ती रचनाच तशी आहे. अनोळखी माणसाने अडल्यावेळी येऊन मदत करावी आणि निघून जावे, ही त्यामागची कल्पना. तेवढ्यापुरती ती सुंदर आहे. पण ‘मित्रांबरोबर खेळता येतो’ असे छापले की वाचक भलतेच काही समजतो.

ही उणीव एका मॉडकाराने, म्हणजे गेममध्ये बाहेरून बदल करणारी जोड (मॉड) लिहिणाऱ्याने, भरून काढली. २०२२च्या मे महिन्यात ‘सीमलेस को-ऑप’ हे मॉड आले. त्यात संपूर्ण नकाशा एकत्र फिरता येतो, घोडा मिळतो, बॉस मेल्यावर कोणी घरी जात नाही. ते फक्त पीसीवर चालते, कन्सोलवर नाही. मॉडच्या फाइली गेमच्या फोल्डरमध्ये टाकायच्या, सेटिंग्जच्या आयएनआय फाइलमध्ये सर्वांनी अक्षरशः एकच पासवर्ड लिहायचा आणि गेम नेहमीच्या बटणाने नव्हे, मॉडबरोबर आलेल्या लाँचरने सुरू करायचा. शत्रू आणि बॉस माणशी किती टक्क्यांनी तगडे व्हावेत, हेही त्याच फाइलमध्ये ठरते. लोक इथे तीन ठिकाणी अडखळतात. पासवर्डमागे एक रिकामी जागा राहून जाते आणि खेळाडू एकमेकांना सापडत नाहीत. मूळ गेमचा नवा पॅच (दुरुस्ती) येतो, एकाचे यंत्र रात्री आपोआप अपडेट होते आणि मॉडची नवी आवृत्ती येईपर्यंत सर्वांचे घोडे अडते. तिसरी गोष्ट, लाँचरने गेम उघडताच जुने पात्र नाहीसे झालेले दिसते आणि माणूस घाबरतो. ते नाहीसे झालेले नसते. मूळ सेव्ह फाइलचे शेपूट (एक्स्टेन्शन) ‘एसएल२’ असते, मॉड स्वतःसाठी ‘सीओ२’ शेपटाची वेगळी फाइल ठेवते. जुने पात्र हवे असेल तर मूळ फाइलची प्रत काढून त्या प्रतीचे शेपूट बदलायचे, मूळ फाइलला हात लावायचा नाही. ही विभागणी मुद्दाम केलेली आहे. मॉड अँटी-चीट (लबाडी रोखणारी यंत्रणा) बाजूला ठेवून चालते, कंपनीच्या सर्व्हरशी बोलत नाही, आणि दोन्हीकडच्या सेव्ह फाइलची सरमिसळ होऊ नये हेच बरे.

मग लोक विचारतात, एकटा मॉडकार हे करू शकतो तर कंपन्या प्रत्येक गेममध्ये का करत नाहीत? आळशीपणा, दुसरे काय! पत्रव्यवहाराच्या सदरातही हा सूर दिसतो. तो मला पटत नाही. ‘एल्डन रिंग’मध्ये जाळ्याचा (नेटवर्कचा) पाया आधीपासून घातलेला होता: दुसऱ्या खेळाडूचे शरीर कसे दाखवायचे, त्याचा घाव कसा मोजायचा, हे सगळे तयार होते. जो गेम एकट्यासाठीच लिहिला गेला, तिथे काय होते ते ‘स्कायरिम’वरून (२०११) कळते.

‘स्कायरिम’च्या जगातल्या प्रत्येक माणसाचा दिनक्रम खेळाडूच्याच यंत्रावर चालतो. दोन यंत्रांवर दोन प्रती चालू केल्या की एकीकडचा पहारेकरी डावीकडे वळतो, दुसरीकडचा उजवीकडे. त्यामुळे प्रत्येक एनपीसीचा, म्हणजे गेमनेच चालवलेल्या पात्राचा, ताबा कोणा एका यंत्राकडे द्यावा लागतो आणि इतरांनी तो सांगेल तिथे ते बाहुले हलवायचे. इथवर निभते. खरी मेख क्वेस्टमध्ये आहे. क्वेस्ट म्हणजे खेळाडूला दिलेली कामगिरी, पायऱ्यांची यादी, आणि दहाव्या पायरीवरून विसाव्यावर नेणारी स्क्रिप्ट ‘खेळाडू’ एकच आहे असे धरून लिहिलेली असते. एखाद्या म्हाताऱ्याने चिठ्ठी द्यायची असेल तर ती कोणाला? दोन्ही यंत्रांवर स्क्रिप्ट चालली तर चिठ्ठ्या दोन होतात. एकाने चिठ्ठी पोचवली की त्याची पायरी पुढे सरकते, दुसऱ्याच्या हातात निरुपयोगी चिठ्ठी उरते आणि जिला ती द्यायची ती बाई आता त्याच्याशी त्या विषयावर बोलतच नाही. अशा शेकडो क्वेस्ट, आणि कित्येक एकमेकींत गुंतलेल्या.

२०२२ मध्ये आलेले ‘स्कायरिम टुगेदर रीबॉर्न’ हे मॉड म्हणूनच शिस्त मागते. प्रत्येकाकडे ‘स्पेशल एडिशन’ची स्वतःची प्रत हवी, ‘अ‍ॅड्रेस लायब्ररी’ हे सहायक मॉड हवे. बाकीची मॉडे सर्वांकडे तीच आणि त्याच क्रमाने लावलेली हवीत. क्रम चुकला तर एकाला जे पिंप दिसते ते दुसऱ्याला दिसतच नाही. हेल्गेनचा सुरुवातीचा प्रसंग प्रत्येकाने एकट्याने संपवायचा, सेव्ह करायचे आणि मगच जोडणी करायची. तो प्रसंग स्क्रिप्टने इतका करकचून बांधलेला आहे की दोन खेळाडू त्यात मावत नाहीत. मग पार्टी (खेळाडूंचा गट) करायची, एक म्होरक्या नेमायचा, आणि क्वेस्टसंबंधी कोणाशी बोलायचे असेल तर म्होरक्यानेच बोलायचे. इतरांनी तोंड मिटून उभे राहायचे. हा नियम सर्वांत आधी मोडला जातो, कारण वाटेत भेटणाऱ्या माणसाशी बोलायचा मोह आवरत नाही. क्वेस्ट अडकली तर म्होरक्याच्या शेवटच्या चांगल्या सेव्हवर परत जाणे, एवढाच बहुतेक वेळा उपाय. म्हणून दर बैठकीच्या शेवटी प्रत्येकाने वेगळ्या नावाने सेव्ह करावे, क्विक सेव्हच्या भरवशावर राहू नये.

याहून जुन्या ‘मोरोविंड’साठी (२००२) असलेले ‘टीईएस३एमपी’ हे मल्टिप्लेअर मॉड या बाबतीत मला अधिक प्रामाणिक वाटते. जर्नल, म्हणजे क्वेस्टची नोंदवही, सर्वांचे एक ठेवायचे की प्रत्येकाचे वेगळे, गटातले पद सामाईक की स्वतंत्र, मारलेल्या शत्रूंची मोजणी एकत्र की वेगवेगळी, हे त्यात सर्व्हर चालवणाऱ्याने आधीच ठरवून लिहायचे असते. जर्नल एक ठेवले की कथा पटापट पुढे जाते, पण अर्धी गोष्ट न वाचताच संपते. वेगळे ठेवले की एकाने मारलेला खलनायक दुसऱ्याच्या क्वेस्टसाठी शिल्लक राहत नाही. दोन्हीकडून फायदा मिळेल अशी निवड यात नाहीच, आणि ते मॉड तसा आव आणत नाही.

दुसरी मेख काळाची. एकट्याच्या गेममध्ये वेळ खेळाडूच्या मुठीत असतो. शत्रूची तलवार मानेवर आलेली असताना मेनू उघडायचा, चीजचे डझनभर गड्डे खायचे, तब्येत टुणटुणीत करून पुन्हा लढायला उभे राहायचे, हा ‘स्कायरिम’चा लाडका प्रकार. को-ऑपमध्ये जग थांबत नाही, आणि तीच लढाई अचानक दुप्पट अवघड होते. ‘फॉलआउट’ मालिकेतली व्हॅट्स ही नेम धरण्याची सोय आधीच्या गेममध्ये वेळ थांबवत किंवा मंद करत असे. २०१८च्या ‘फॉलआउट ७६’मध्ये एका सर्व्हरवर चोवीस जण येणार म्हटल्यावर एकासाठी सगळ्यांचा काळ कसा थांबवणार? तिथे व्हॅट्स चालू काळातच चालते. नाव तेच, वापर वेगळा. झोपेचेही तसेच. ‘व्हॅलहाइम’मध्ये रात्र सरायला सर्वच्या सर्व खेळाडू अंथरुणात असावे लागतात. एक जण खाणीत ठोकाठोक करत बसला की बाकीचे छताकडे बघत पडून.

तिसरी अडचण कथेच्या वेगाची. ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ २०१४ मध्ये आला तेव्हा एकाच गटातले दोन मित्र क्वेस्टच्या वेगळ्या टप्प्यांवर असले तर एकाच जागी उभे राहूनही एकमेकांना दिसेनासे होत. एकाच्या जगात गाव जळते आहे, दुसऱ्याच्या जगात ते वाचलेले आहे. खेळाडू दाखवायचा तर कोणत्या गावात? त्यातच लेव्हलचे अंतर आणि तीन आघाड्यांच्या भिंती. २०१६च्या ‘वन टॅम्रिएल’ या बदलाने जगाची पातळी प्रत्येकाला जुळवून दिली आणि वेगळ्या आघाडीच्या मित्रांना एकत्र भटकता येऊ लागले. ‘फॉलआउट ७६’नेही २०२० मध्ये ‘वन वेस्टलँड’ने तीच वाट धरली. लेव्हल जुळवण्यावर जुने खेळाडू नाक मुरडतात, की मग मेहनत करून वाढण्याला अर्थ काय उरला? तक्रार खोटी नाही. पण लेव्हल पाचचा मित्र आणि लेव्हल पन्नासचा मित्र एकत्र खेळायचे असतील तर दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही. नाहीतर एक जण एका फटक्यात सगळे साफ करतो आणि दुसरा मागून लूट उचलत चालतो.

माणसे वाढली की शत्रू किती वाढवायचा, हे गणित दिसते त्यापेक्षा नाजूक असते. ‘मॉन्स्टर हंटर : वर्ल्ड’मध्ये (२०१८) सुरुवातीला दोनच मापे होती, एकट्याचे आणि अनेकांचे. दोघे गेले तरी राक्षसाची ताकद चौघांसाठी मोजलेली. त्यामुळे दोघांच्या जोडीला शिकार सर्वांत जड जाई, एकट्यापेक्षाही आणि चौघांपेक्षाही. २०१९च्या ‘आइसबोर्न’ विस्ताराबरोबर दोघांसाठी वेगळे माप आले आणि तक्रार मिटली. चौकटीत ‘४ खेळाडू’ एवढे छापून हे कसे कळावे? त्याच गेममध्ये कथेच्या शिकारीला कटसीन (मधला कथाप्रसंग) पाहिल्याशिवाय दुसऱ्याला शिरता येत नाही. दोघांनी आपापली मोहीम वेगवेगळी सुरू करायची, राक्षस दिसेपर्यंत जाऊन कटसीन पाहायचा, मग एकाने आपली मोहीम सोडून दुसऱ्याच्या मोहिमेत सामील व्हायचे. ही युक्ती माहीत नसलेली जोडी पहिली संध्याकाळ निव्वळ ‘प्रवेश नाही’ वाचण्यात घालवते.

आपला परीक्षक ताकदीचे हे माप घरच्या घरी ताडून पाहू शकतो. एकाच बॉसला एकट्याने किती वेळ लागतो आणि त्याच शस्त्रांनी दोघांनी मिळून किती, एवढे घड्याळ लावून बघायचे. बॉसची ताकद दुप्पट केली तर कागदावर वेळ तेवढाच यायला हवा. प्रत्यक्षात बॉस एकाकडे वळलेला असताना दुसऱ्याला मोकळे घाव घालता येतात, म्हणून दोघे आधी संपवतात. उलट एक जण पडून राहिला आणि दुसरा त्याला उठवत बसला, तर वेळ वाढतो. तीनदा खेळून तीन वेळा लिहिल्या तरी कल येतो.

लुटीबद्दल थोडक्यात. पहिल्या ‘बॉर्डरलँड्स’मध्ये (२००९) जमिनीवर पडलेली बंदूक जो आधी उचलेल त्याची, आणि त्यावरून बरीच मैत्री पणाला लागली. ‘बॉर्डरलँड्स ३’ने (२०१९) दोन पर्याय दिले: ‘कोऑपरेशन’मध्ये प्रत्येकाची लूट वेगळी आणि शत्रूही ज्याच्या त्याच्या लेव्हलचा, ‘कोऑपिटिशन’मध्ये जुनीच झटापट. अनोळखी माणसाबरोबर खेळायचे तर पहिला घ्यावा, नाहीतर आयत्या बिळावर नागोबा ठरलेलाच.

‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) पूर्ण अर्थाने ओपन वर्ल्ड नाही, पण वाचक हमखास विचारतात म्हणून. चार जण, एकाच पडद्यावर दोघे. संवाद ज्याने सुरू केला त्याची निवड चालते, इतर ऐकू शकतात. पण मित्राने तयार केलेले पात्र यजमानाच्याच सेव्हमध्ये राहते. दोन बैठकींनंतर मित्राने येणे बंद केले तरी ते पात्र संघातली जागा अडवून बसे. ते मोहिमेतून काढायची सोय गेम आल्यानंतर एका पॅचमध्ये झाली, ती शिबिरातल्या ‘विदर्स’ या पात्राच्या कपाटामार्फत वापरतात. मोठी मोहीम सुरू करताना शेवटपर्यंत कोण टिकेल, याचा अंदाज बांधूनच पात्रे करावीत.

आता जाळ्याबद्दल, कारण निम्म्या तक्रारींचे मूळ गेममध्ये नसतेच. पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, दीडशे मिलिसेकंद आहे म्हणजे काय? शत्रू यजमानाच्या यंत्रावर चालतो. तो पाहुण्याला सुमारे पाऊणशे मिलिसेकंद जुना दिसतो, आणि पाहुण्याचा घाव यजमानाकडे पोचायला आणखी पाऊणशे. सेकंदाला तीस चित्रांच्या हिशेबाने साडेचार चित्रांची तफावत. सावकाश चालणाऱ्या राक्षसापुढे ती जाणवत नाही, ऐनवेळी उडी मारून चुकवायच्या वारात मात्र जीव जातो. म्हणून यजमान निवडताना कोणाचे यंत्र भारी हे नंतर बघावे. कोणाचा अपलोड स्थिर आहे आणि कोण वायफायऐवजी केबलवर आहे, ते आधी.

‘व्हॅलहाइम’मध्ये (२०२१) तर वेगळा सर्व्हर भाड्याने घेऊनही लॅग (अडखळ) येतो, आणि लोक सर्व्हरला शिव्या देतात. कारण असे की जगाच्या ज्या तुकड्यात खेळाडू उभे आहेत, त्यातल्या प्राण्यांची हालचाल सर्व्हर नव्हे, तिथे आधी पोचलेल्या खेळाडूचे यंत्र मोजते. त्याचे कनेक्शन लंगडे असेल तर त्या तुकड्यातले सगळेच लंगडतात. उपाय साधा आहे: नव्या मुलखात ज्याची जोडणी चांगली, त्याने आधी पाऊल टाकायचे. याच गेममध्ये जग यजमानाकडे किंवा सर्व्हरवर राहते, पण पात्र आणि त्याच्या पिशवीतला माल ज्याच्या त्याच्या यंत्रावर. दुसऱ्या जगातून पोतेभर धातू आणून कोणी सगळी चढण सपाट करून टाकू शकतो. त्यावर आधी बोलून घ्यावे.

घरच्या यंत्रावर सर्व्हर लावताना राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचे क्रमांकाचे दार, उघडावे लागते. ‘व्हॅलहाइम’साठी यूडीपी २४५६ आणि २४५७, ‘स्कायरिम टुगेदर’साठी यूडीपी १०५७८. राउटरच्या पानावर यूडीपीऐवजी टीसीपी (निरोप पाठवायची दुसरी पद्धत) निवडून ठेवणे ही सर्वांत नेहमीची चूक. क्रमांक बरोबर आणि तरी बाहेरचा आत येत नाही, तो यामुळे. दुसरी चूक यंत्राचा घरातला आयपी (जाळ्यातला पत्ता) पक्का न करणे: चार दिवसांनी राउटर यंत्राला नवा क्रमांक देतो आणि उघडलेले पोर्ट भलत्याकडे वळते. एवढे करूनही जमत नसेल तर राउटरच्या पानावरचा डब्ल्यूएएन आयपी (राउटरचा बाहेरचा पत्ता) पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, किंवा इंटरनेटवर दिसणाऱ्या आपल्या आयपीशी जुळत नसेल, तर इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवले आहे. मग पोर्ट उघडून काही उपयोग नाही. ‘टेलस्केल’ किंवा ‘झिरोटियर’सारखे खासगी जाळे सर्वांच्या यंत्रांवर बसवावे, नाहीतर सर्व्हर भाड्याने घ्यावा. भाड्याच्या सर्व्हरचा आणखी एक फायदा म्हणजे यजमान झोपला तरी जग चालू राहते. तोटाही तोच. जो रोज येतो तो इतका पुढे जातो की शनिवारी येणाऱ्याला काही करायला उरत नाही.

तेव्हा विनंती अशी की चौकटीतली ती एक ओळ काढून तिथे चार प्रश्नांची उत्तरे छापावीत. कथेची प्रगती कोणाची नोंदली जाते? पाहुणा घरी काय नेतो? किती तास किंवा कितव्या लेव्हलनंतर को-ऑप उघडते? दोघे किती लांब जाऊ शकतात? त्यासाठी चाळीस तास खेळायची गरज नाही. दोन प्रती आणि एक संध्याकाळ पुरे. पाहुणा म्हणून शिरायचे, एक क्वेस्ट संपवायची, एक पेटी उघडायची, नकाशाच्या विरुद्ध टोकांना निघायचे आणि ओढून परत आणले जाते का ते पाहायचे. मग बाहेर पडून पाहुण्याने आपला स्वतःचा गेम उघडायचा आणि जर्नल, पिशवी व नकाशा तपासायचा. जर्नल कोरे असेल तर तसे स्पष्ट लिहावे. आणि परीक्षकाकडे दुसरी प्रत नसेल, मुदत जवळ आली असेल, तर कंपनीच्या पत्रकातले ‘४ खेळाडू’ उतरवून घेण्याऐवजी ‘को-ऑप : तपासलेले नाही’ असे छापावे. तेवढी जागा त्या ओळीत आहे.

आपला,
एक नियमित वाचक